लेसरमध्ये पीएचडी: घरचं विद्यापीठ की इंदूर-मुंबई?

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता नांदेड-संभाजीनगरच्या विद्यापीठातच पीएचडी करायची, की इंदूरचं आरआरकॅट (अणुऊर्जा विभागाचं लेसर संशोधन केंद्र), मुंबईचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गाठायचं? संस्थेच्या नावापेक्षा रोज किती तास लेसर हाताळायला मिळेल, ते आधी बघा.

फेमटोसेकंद पल्सवर (अत्यंत क्षणिक प्रकाशझोतांवर) काम करायचं असेल तर बाहेरच जावं. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा टायटेनियम-सफायर लेसर, त्याचा ॲम्प्लिफायर आणि खोलीचं तापमान अंशभरही हलू न देणारं एसी, एवढा खर्च विद्यापीठातल्या एका विभागाला सहसा झेपत नाही. एनडी-याग लेसरने मातीतली मूलद्रव्यं ओळखायची किंवा पातळ थर चढवायचे असतील, तर घराजवळ काही बिघडत नाही. फक्त यंत्र चालू हवं!

गाईडला भेटायला जाल तेव्हा लॅबमध्ये डोकावाच. फ्लॅशलँप (लेसरला ऊर्जा देणारा दिवा) कधी बदलला, एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू आहे का, लेसर थंड ठेवणाऱ्या चिलरमध्ये पाणी कुठलं? आपल्याकडचं बोरचं पाणी क्षारट; ते चिलरमध्ये गेलं की आत थर धरतो. डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलंच लागतं. तिथल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न टाका: ५३२ची पॉवर पडली तर आधी काय बघतोस? एनडी-यागचा मूळ प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा; क्रिस्टल त्यातून ५३२चा हिरवा बनवतो. १०६४ शाबूत असेल तर दोष क्रिस्टलच्या कोनात किंवा तापमानात. दोन्ही पडल्या तर लँप किंवा पाणी. हे त्याला झटकन सांगता आलं, तर लॅब चालती आहे.

पैशाचं गणित सोपं आहे. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर दोन्हीकडे पहिली २ वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,००० आणि घरभाडं वेगळं. जेआरएफ नसताना विद्यापीठात प्रवेश मिळेलही, पण दरमहा पैसे येतीलच असं नाही. नेटच्या २०० पैकी १०० गुण एकट्या ‘क’ भागाचे. अभ्यासक्रमात लेसर अगदी थोडा. क्वांटम आणि विद्युतचुंबकीवर जोर द्या.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियावर (गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या वेधशाळेवर) डोळा असेल तर नीट ऐका. ४ किलोमीटरच्या भुजांत फिरणारा लेसरही १०६४चाच, पण अखंड चालणारा. तिथे नॉइज, फीडबॅक आणि इंटरफेरोमीटर (दोन किरण जुळवून सूक्ष्म बदल मोजणारं उपकरण) येणारी माणसं लागतात. पल्स लेसरवरची ५ वर्षं तिथे थेट कामी येत नाहीत. प्रकल्पात आरआरकॅट आणि पुण्याचं आयुका (खगोलशास्त्राचं केंद्र) भागीदार आहेत, म्हणजे हिंगोलीच्या पोरालाही औंढ्याला इंदूर-पुण्यावरूनच जावं लागण्याची शक्यता जास्त.

कुठेही जा, त्याआधी कॉलेजातल्या हीलियम-निऑन लेसरवर २ आरसे, २ आयरिस (बारीक छिद्राचे पडदे) लावून बीम सरळ करायला शिका. पहिल्या आरशाने जवळचा आयरिस साधायचा, दुसऱ्याने लांबचा. उलट केलंत तर प्रत्येक फेरीला बीम आणखी भरकटतो.