चार कोऱ्या हार्ड डिस्क, आधीच 26 हजार तास चाललेल्या

मी कुडाळजवळ राहतो. लग्नाचं शूटिंग हा पोटापाण्याचा धंदा, पण जीव दशावतारात. तुळशीचं लग्न झालं, जत्रा सुरू झाल्या की कॅमेरे घेऊन गावोगावी फिरतो. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आजचा प्रयोग उद्या तसाच होत नाही. टिकवायचा तर तो रेकॉर्डच करायला हवा.

फोरकेमध्ये सेकंदाला 100 मेगाबिटने शूट केलं तर एक कॅमेरा तासाला 45 जीबी खातो. दोन कॅमेरे आणि पाच तासांचं नाटक म्हणजे एका रात्रीत 450 जीबी. म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये एडिटिंगसाठी नवा डेस्कटॉप जुळवून घ्यायचं ठरवलं. सीपीयू, मदरबोर्ड, रॅम ओळखीच्या माणसाकडून घेतलं. 12 टीबीच्या चार हार्ड डिस्क मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतल्या, कारण तिथे प्रत्येकी सात-आठ हजार कमी पडत होते. माझी पहिली चूक हीच.

डिस्क सीगेटच्या एक्सॉस मालिकेतल्या, म्हणजे सर्व्हरसाठी बनणाऱ्या. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत सीलबंद, खोका नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दादा, ओईएम माल आहे, याला खोका येतच नाही. दोन वर्षं दुकानाची वॉरंटी, आपण आहोत ना." ओईएम, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांसाठीच्या मालाला खोका नसतो हे खरं आहे, म्हणूनच मला ते पटलं. पक्कं बिल मागितल्यावर 18 टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला. मी कच्च्या बिलावर भागवलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं : हार्ड डिस्क, 12 टीबी, नग 4. एकही सिरियल नंबर नाही.

मी अगदीच डोळे मिटून माल घेतला असं नाही. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवायला लावलं. चारही डिस्कचे पॉवर-ऑन तास, म्हणजे आजवर चालल्याचे तास, शून्य. तो आकडा पाहून समाधान झालं. तो पुसता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मदरबोर्डवरच रेड 5 लावलं, म्हणजे चारही डिस्क जोडून एकच साठा केला. त्यात चारपैकी एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. त्या हंगामात 22 नाटकं रेकॉर्ड केली, जवळजवळ 10 टीबी. रेड आहे म्हणजे सुरक्षित आहे असं धरून कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरत राहिलो.

जून 2025 मध्ये एक डिस्क बंद पडली. दुसऱ्या दुकानातून नवी आणून लावली आणि रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा जुळवणं, सुरू केलं. या वेळी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. सरासरी वेग सेकंदाला 200 एमबी धरला तरी 12 टीबीला जवळजवळ 17 तास लागतात, आणि माझं काम त्याहून पुष्कळ हळू चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी एक डिस्क खडखडायला लागली. सकाळी ॲरे, म्हणजे चार डिस्कचा तो साठा, फेल. नऊ नाटकं एडिट होऊन बाहेरच्या डिस्कवर गेली होती, ती वाचली. तेरा गेली. त्यातल्या एका नाटकातल्या राजपार्टीने, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्या नटाने, त्यानंतर तब्येतीमुळे तोंडाला रंग लावणं सोडलं आहे. त्यांचा तो प्रयोग आता कुणाकडेच नाही.

मग शोधाशोध केली. 2025 च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने उघड केलं होतं की वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या जात आहेत. संशय होता चीनमधल्या चिया या क्रिप्टो चलनाच्या खाणींवर. 2021 मध्ये चियाची लाट आली, ते चलन हार्ड डिस्कवरची मोकळी जागा वापरून काढतात, आणि धंदा बसल्यावर तो माल बाजारात आला. विकताना स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते तिचे, आकडे शून्य केलेले. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते आणि ती या पुसापुशीत तशीच राहिली होती. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरची 7.4 किंवा पुढची आवृत्ती घेतली तर त्यातल्या स्मार्टसीटीएलने ही नोंद वाचता येते.

माझ्या धड राहिलेल्या दोन डिस्कवर ती वाचली. स्मार्ट सांगत होतं सुमारे 1,900 तास, म्हणजे माझ्याकडे चालल्या तेवढेच. फार्म सांगत होतं 28 हजारांच्या वर. मी घेण्याआधी त्या 26 हजार तास, म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ तीन वर्षं चालल्या होत्या. दोन्ही डिस्कच्या आकड्यांत फरक होता जेमतेम तीस तासांचा.

त्या तीस तासांनी मला सगळं कळलं. चौघी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी कामाला लागलेल्या, सारख्याच झिजलेल्या. रेड 5 चा सगळा हिशोब असा असतो की डिस्क एकेकट्या बिघडतील. सारख्या झिजलेल्या चार डिस्क एकत्र लावून मी तो हिशोबच मोडला होता, आणि रीबिल्डचा सर्वात मोठा ताण त्यांच्यावरच टाकला.

मागाहून नीट पाहिलं तर खुणा होत्या. सॅटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या जागेच्या, सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे होते, स्क्रूच्या भोकांत आटे घासलेले. सीगेटच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला तर एका डिस्कची वॉरंटीची मुदत 2026 च्या मध्यात संपत होती. या मालिकेला पाच वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे 2024 ला घेतलेल्या नव्या डिस्कची मुदत 2029 च्या आसपास दिसायला हवी होती. ही तपासणी मोबाइलवर दोन मिनिटांत होते. दुकानात उभं राहून, पैसे देण्याआधी करा. दुकानदाराची वॉरंटी आणि कंपनीची वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "हा माल आमचा कशावरून?" बिलावर सिरियल नंबर नव्हता, मी काय दाखवणार? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद आणि त्या दिवशी काढलेले फोटो एवढाच पुरावा हातात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. त्याला मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा असं काही झालं असेल तर थांबू नका.

आता दोनच डिस्क लावल्या आहेत, वेगळ्या दुकानांतून, वेगळ्या महिन्यांत बनलेल्या. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घेतले. एकमेकींची नक्कल ठेवणारं रेड 1 लावलंय. तिसरी प्रत सावंतवाडीला भावाच्या कपाटात असते, नाटक झालं की आठवड्याच्या आत तिथे पोचवतो. तोवर कार्डं पुसत नाही.