सी-आर्मपाशी इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी रेडिओग्राफर आहे आणि माझं बरंचसं काम ऑपरेशन थिएटरमधल्या सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना आतलं दाखवणाऱ्या ‘C’ आकाराच्या एक्स-रे यंत्रावर चालतं. अंगावर पडलेल्या किरणांचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज पहिल्यापासून लावतेच. पण बॅज जमा करायचा, तो मोजणीला जायचा, मग केव्हातरी रिपोर्ट यायचा. त्यात एकच आकडा. तो कोणत्या केसमध्ये वाढला, कुठे उभं राहिल्यामुळे वाढला, याचा पत्ता लागत नाही. म्हणून तिथल्या तिथे डोस दाखवणारं, बीप करणारं इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर घेतलं.

टीएलडी मी किरण अडवणाऱ्या ॲप्रनच्या आत छातीवर लावते, हे नवं यंत्र मात्र बाहेर, गळ्याभोवतीच्या थायरॉइड कॉलरच्या उंचीवर. ०.५ मिमी शिशाइतक्या क्षमतेचं ॲप्रन ९० टक्क्यांहून जास्त स्कॅटर (पेशंटच्या अंगावरून विखुरणारे किरण) अडवतं, त्यामुळे आत लावलं तर ते गप्पच बसणार. मला काळजी आहे ती उघड्या राहणाऱ्या डोळ्यांची. डोळ्याच्या भिंगासाठी डोसची मर्यादा पूर्वी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) होती. २०११ मध्ये आयसीआरपी या किरणांपासूनच्या संरक्षणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणायची शिफारस केली, कारण मोतीबिंदू आधी वाटत होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसला होऊ शकतो असं दिसून आलं.

खरा फायदा झाला तो उभं राहण्याच्या जागेबाबत. मांडीच्या हाडात नेल (धातूची सळई) टाकताना लॅटरल व्ह्यू, म्हणजे बाजूने घेतलेलं चित्र लागतं, सी-आर्म आडवा होतो. किरण सोडणाऱ्या ट्यूबच्या बाजूला उभी असले की बीप थांबतच नाहीत. पलीकडे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला आले की पेशंट तोच, सेटिंग तीच, पण आकडा निम्म्याच्याही खाली. किरण शरीरात जिथून शिरतात तिथूनच सर्वाधिक स्कॅटर उलटून येतो. पलीकडे पोचेपर्यंत बीम बराचसा शरीरातच शोषला गेलेला असतो. एपी व्ह्यूला, म्हणजे समोरून-मागून घ्यायच्या चित्राला, ट्यूब टेबलाखाली ठेवतात तीही याचसाठी. पाठ्यपुस्तकात हे सगळं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सर्जन एक्स-रेचं पेडल दाबून आहेत, आपण दोन पावलं मागे सरकतो आणि स्क्रीनवरचा आकडा झरझर उतरतो, हे बघितल्यावर पाय आपोआप मागे जायला लागतात. अंतर दुप्पट केलं तर डोस साधारण चौथाई होतो. ॲप्रनच्या भरवशावर टेबलाला चिकटून उभं राहणाऱ्यांना मी आता हा आकडाच दाखवते.

बीपचा टीमवरही परिणाम झाला. लाइव्ह फ्लुरो (सतत चालू राहणारं एक्स-रे चित्र) चालू ठेवून बोलत राहायची सवय बरीच कमी झाली, कारण आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो. पल्स रेट (किरणांचे झटके सेकंदाला किती) कमी करा, कॉलिमेशन आवळा (बीम अरुंद करा), डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणा, असं म्हटलं की पूर्वी दुर्लक्ष व्हायचं. आता आकडा उतरलेला समोर दिसतो, वाद होत नाही. पेशंटचा डोसही त्याबरोबर उतरतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

आता उणिवा. क्लिप सैल आहे, बॅटरीकडे लक्ष ठेवावं लागतं. कॉटरी (रक्तस्राव थांबवायचं विजेवरचं उपकरण) सुरू झाली की अधूनमधून उगाच बीप येतो. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की अशी बरीच उपकरणं पल्स्ड बीममध्ये, विशेषतः थेट बीम अंगावर आला तर, खरा डोस कमी दाखवू शकतात. घेण्याआधी पल्स्ड एक्स-रेसाठी चाचणी झाली आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. आणि कॉलरला लावलेलं यंत्र बीममध्ये गेलेल्या हाताबद्दल काहीच सांगत नाही. हातांसाठी वर्षाला ५०० मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा आहे, आणि ज्यांची बोटं बीमजवळ जातात त्यांना अंगठीसारखं वेगळं डोसिमीटरच हवं.

म्हणून टीएलडी काढून ठेवून याच्यावर विसंबू नका. अधिकृत नोंद बॅजचीच राहते. विभागात एकच यंत्र घेता येणार असेल, तर ते अनुभवी माणसाच्या खिशात अडकवून ठेवू नका. नव्याने थिएटरला येणाऱ्या विद्यार्थ्याला आणि पेशंटच्या डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरना आळीपाळीने द्या. कुठे उभं राहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.