पैसे घेतले वेलसीलचे, इंजिनात भरलं सिलिकॉन

एकूण ४,९३० पौंड गेले. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचा राग कशाचा आहे ते कळेल.

गाडी १९७१ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १,७९८ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. कोल्हापुरात बाबांच्या अ‍ॅम्बॅसेडरला होतं त्याच घराण्यातलं. त्या ओढीनंच इथे इंग्लंडमध्ये ही गाडी घेतली. थोडंफार ऑइल गळणं या इंजिनांना नवीन नाही, पण रोज सकाळी खाली ताटाएवढा डाग दिसायला लागला तेव्हा इंजिन बांधायला दिलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांचंच काम करणारा माणूस, तीन ओळखीच्यांनी सुचवलेला. ठरले २,८५० पौंड. त्यात 'गॅस्केट सेट आणि वेलसील' असे १८५ पौंड वेगळे लिहिलेले. वेलसील म्हणजे तेल गळू नये म्हणून इंजिनाच्या जोडांना लावायची पेस्ट. थेट बँकेतून पाठवायची १५० पौंडांची सूट त्यात धरलेली, म्हणून कार्ड वापरलं नाही. तिथेच पहिली माती खाल्ली.

दुसरा हप्ता १,४५० पौंडांचा. तो द्यायला गेलो तेव्हा इंजिन स्टँडवर होतं आणि गॅरेजभर व्हिनेगरसारखा उग्र वास भरला होता. वास ओळखीचा होता: बाथरूमच्या टाइल्सच्या कडेला भरतात त्या सिलिकॉनचा. ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, कडेनं केशरी रंगाची, करंगळीएवढी जाड वळी बाहेर आलेली. नखानं दाबली तर रबरासारखी परत वर आली. बाकावर दोन पिळून रिकाम्या केलेल्या केशरी ट्यूब. वेलसीलची ट्यूब कुठेच नाही. वेलसील तपकिरी, चिकट आणि कधीच कडक न होणारं असतं, हे मी स्वतः वाचून गेलो होतो! विचारलं. तो म्हणाला, "आता सगळे हेच वापरतात, त्याच्यापेक्षा चांगलं आहे." माझ्या हातात फोन होता, पैसे अजून गेले नव्हते. बाहेर करंगळीएवढं आलंय म्हणजे आतही तेवढंच गेलंय, एवढा साधा हिशोब तेव्हा सुचला नाही. मी बटण दाबलं. तो क्षण आठवला की आजही झोप लागत नाही.

पण मी फिटर नाही. पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला त्याच्याच गॅरेजात "तुम्ही चुकताय" असं किती जण तोंडावर म्हणतील?

३४० मैलांवर ऑइल प्रेशर पडलं. गरम इंजिनाला चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय हवं. काटा २० वर आला आणि खालून ठोके ऐकू यायला लागले. गाडी उचलून न्यायचे १२० पौंड. दुसऱ्या फिटरनं चेंबर उतरवून मला बोलावलं. ऑइल पंपाची जाळी केशरी दोऱ्यांनी बुजली होती, आणि तेल न मिळाल्यानं बेअरिंगचे शेल, म्हणजे आतल्या पातळ वाट्या, घासून तांबं दिसत होतं. ते काम १,९६० पौंडांचं.

इंजिन बांधायला दिलंत तर चेंबर बसवण्याआधी स्वतः जा आणि फोटो काढा. बिलावर सीलंटचं नाव लिहून घेतलं असेल तर ट्यूब मागून बघा. पेट्रोल लागतं तिथे, कार्बोरेटरच्या फ्लँजला (जोडाच्या सपाट कडेला), साधं सिलिकॉन लावूच देऊ नका. ते फुगतं आणि सुटतं.

आता तक्रारीचं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. क्रेडिट कार्डानं दिले असते तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचं कलम ७५ लागू झालं असतं आणि कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरली असती. ग्राहक हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं संगीत ऐकलं, मग एका बाईंनी तक्रार 'पुढे पाठवते' म्हणून सांगितलं. पुढे म्हणजे स्थानिक कार्यालयाकडे, आणि त्यांचं उत्तर आलं की एकेका माणसाच्या प्रकरणात ते पडत नाहीत. मग किती जण बुडाल्यावर पडतात? पोलिसांनी तर ऐकूनच घेतलं नाही, म्हणे हा दिवाणी वाद. बिलावर वेलसील लिहून पैसे घ्यायचे आणि आत दुसरंच भरायचं, ही फसवणूक नाही तर काय? २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो की काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं झालं पाहिजे. पण तो राबवायचा कुणी, तर मीच, सुट्ट्या काढून. आणि तो पहिला फिटर लेखी कळवतो की मी गाडी जोरात पळवली म्हणून बेअरिंग गेले.

कडक न होणारंच सीलंट हवं असेल तर हायलोमारही आहे, निळं, रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी तयार झालेलं. तेही पातळच लावायचं. हेड गॅस्केट कोरडं बसवायचं की पेस्ट लावून, हे ते बनवणाऱ्याच्या सूचनेत वाचा, फिटरच्या तोंडून ऐकू नका. आणि कुणी काम बिघडवलं तर जुने शेल, जाळी, सगळं मागून घ्या. दुसऱ्या फिटरला ते टाकू देऊ नका.

माझी जाळी आणि ते केशरी तुकडे १८५ पौंडांच्या त्या बिलासोबत पिशवीत बंद करून ठेवलेत. इथे १०,००० पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो. मी लावलाय. तारीख अजून मिळालेली नाही.