रोड बाइकवर क्लिप-ऑन एअरोबार: ९० किलोमीटरसाठी पुरेसा, पण सॅडल हलवायची तयारी हवी

नाशकात रोड बाइक आता नवलाची राहिलेली नाही. महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यावर तर नाहीच. ट्राय बाइक, म्हणजे खास ट्रायथलॉनसाठीची सायकल, मात्र अजून मोजक्यांकडेच दिसते. गोव्याच्या ७०.३ची (अर्ध्या आयर्नमनची: पोहणं, ९० किमी सायकल, २१ किमी धावणं) तयारी करणारे बहुतेक जण आहे त्याच बाइकवर क्लिप-ऑन, म्हणजे हँडलवर आवळून हात टेकवत पुढे वाकून धरायचा एअरोबार, चढवतात. म्हणून हे परीक्षण एकट्या बारचं नाही, तीन गोष्टींच्या जोडणीचं आहे: स्पेसर घालून उंची वाढवता येणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्लिप-ऑन, पुढचं टोक दुभंगलेली सॅडल आणि झिरो-सेटबॅक सीटपोस्ट (सॅडल मागे न ढकलणारी सरळ दांडी). नुसता बार घेणार असाल तर पैसे वाचवा. कारण पुढे येतंच.

आधी फायदा किती ते पाहू. हूड्सवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) हात ठेवून बसलेल्या साधारण बांध्याच्या सायकलस्वाराचा सीडीए, म्हणजे वाऱ्याला होणारा एकूण अडथळा, ०.३२ च्या आसपास धरला आणि एअरोबारवर तो ०.२७ वर आला, तर नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या हवेत ताशी ३२ किमीला साधारण १९ वॅट वाचतात. समुद्रसपाटीला हवा जड, त्यामुळे गोव्यात थोडे जास्तच. एवढ्या खर्चात एवढे वॅट देणारी दुसरी वस्तू सायकलच्या दुकानात मिळायची नाही. महागडी चाकंसुद्धा यापुढे फिकी पडतात.

पण हे वॅट तुम्ही त्या पोझिशनमध्ये असाल तेवढा वेळच मिळतात. समजा, एकाने बार खूप खाली लावून ०.२५ गाठला, पण मान आणि कंबर धरते म्हणून चाळीस टक्के वेळ तो उठून बसतो आणि तेव्हा ०.३४ होतो. त्याची सरासरी ०.२८६. दुसऱ्याचा बार उंच आहे, सीडीए ०.२६५, पण तो पंचाण्णव टक्के वेळ तिथेच टिकतो. त्याची सरासरी ०.२६९. दुसरा जिंकतो, आणि वर त्याची पाठ २१ किमी धावायला शिल्लक असते. फोटोत पहिलाच भारी दिसतो, हे खरं.

आता बसवण्याचं. रोड बाइकच्या सीट ट्यूबचा कोन साधारण ७३ ते ७४ अंश असतो, ट्राय बाइकचा ७६ ते ८०. सॅडल आहे तिथेच ठेवून नुसता क्लिप-ऑन लावला की धड खाली जातं, पाय वर आला की मांडी पोटाला भिडते आणि कंबरेचा कोन बंद होतो. शरीर आपोआप सॅडलच्या टोकाकडे घसरतं. मग मांड्यांमधला भाग बधिर होतो, हात लांब ताणले जातात, खांदे कानाला लागतात. ‘एअरोबार मला मानवत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं बारचं नसतं, सॅडलचं असतं.

झिरो-सेटबॅक सीटपोस्ट इथे कामाला येते. सॅडल १ सेंमी पुढे नेली की प्रभावी कोन साधारण पाऊण अंशाने वाढतो. पण नुसती पुढे नेली तर पेडलपासूनचं अंतर घटतं, म्हणून दर सेंटिमीटरमागे ती सुमारे ३ मिमी उचलावी लागते. २ सेंमी पुढे, ६ मिमी वर, इथून सुरुवात करा. सॅडल ३–४ सेंमी पुढे न्यायचा मोह आवरा: हूड्सवर बसल्यावर गुडघे हँडलच्या फार जवळ येतात, पुढच्या चाकावर भार वाढतो आणि सावळ घाटासारख्या उतारावर बाइक अस्थिर वाटते. या जोडणीची खरी मर्यादा हीच. एकाच बाइकवर दोन पोझिशन बसवायच्या, तर दोन्हींना थोडं सोसावं लागतं.

दुभंगलेल्या टोकाची सॅडल (आयएसएम या सॅडल कंपनीने हा प्रकार रुळवला) चैन नाही, गरज आहे. एअरो पोझिशनमध्ये भार बसायच्या मागच्या हाडांवरून पुढे सरकतो आणि साध्या सॅडलचं टोक नेमकं नको तिथे रुततं. बसवताना मात्र जुनं माप चालत नाही. या सॅडलचं टोक आखूड असतं, तेव्हा टोकापासून नव्हे, तर तुम्ही प्रत्यक्ष बसता त्या जागेपासून मोजा. १ ते ३ अंश पुढे झुकवा, त्याहून जास्त नको; जास्त झुकली की घसरण थांबवायला हात आणि खांदे खर्ची पडतात. मांड्या घासत असतील तर पुढच्या दोन शिंगांना केबल टाय बांधून ती जवळ ओढतात. उपाय दिसायला गावठी, पण चालतो.

आता खुद्द बार. घेताना आधी पॅड (हात टेकायच्या गाद्या) वर उचलता येतात का ते बघा. सॅडलच्या माथ्यापासून पॅड ४ ते ६ सेंमी खाली, एवढ्यावर सुरुवात बरी. त्यासाठी ३०–४० मिमी स्पेसर लागू शकतात. काही स्वस्त सेटमध्ये पॅड बारला जखडलेलेच असतात, ते घेऊच नका. पॅडने हाताला नेमकं कोपराच्या हाडाच्या थोडं पुढे धरलं पाहिजे. हाडच पॅडवर टेकलं तर तासाभरात करंगळीला मुंग्या येतात. दंड आणि हाताच्या पुढच्या भागातला कोन ९० ते १०० अंश असावा. त्याहून जास्त उघडत असेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) १०० ऐवजी ८० मिमीचा लावून बघा. एक्स्टेन्शन (हातांनी धरायच्या पुढच्या नळ्या) १० ते १५ अंश वर उचलली की हात पुढे घसरत नाहीत आणि खांदे सैल पडतात. सरळ एक्स्टेन्शनपेक्षा टोकाला वर वळलेली बरी, मनगट मोडून धरावं लागत नाही. पॅड फार जवळ आणू नका. अरुंद पोझिशनने वेग वाढेलच असं नाही, खड्ड्यात ताबा मात्र हमखास जातो.

हँडल कार्बनचं असेल तर आधी त्याचं मॅन्युअल वाचा, क्लिप-ऑन चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. चपट्या, एअरो आकाराच्या हँडलवर ३१.८ मिमीचा गोल क्लॅम्प बसतच नाही. स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळायचे, क्लॅम्पवर लिहिलेल्या आकड्याइतके, साधारण ५ न्यूटन-मीटर. सैल राहिला तर एखाद्या गतिरोधकावर पूर्ण भार पडताच बार खाली फिरतो. पॅडच्या फोमकडेही लक्ष असू द्या: घामाने तो भिजतो, दबून पातळ होतो, मग खालच्या स्क्रूचं डोकं हाताला टोचायला लागतं. फोम काढून स्क्रू गोड्या पाण्याने पुसला नाही तर मिठाने गंजतो, आणि ऐन वेळी अ‍ॅलन की आत गरगर फिरते.

चाचणीला त्र्यंबक रोड उत्तम. सातपूर एमआयडीसीची वाहतूक मागे टाकल्यावर अंजनेरीकडे रस्ता हलका चढत जातो आणि पावसाळी महिन्यांत पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. जाताना तिथे ४० मिनिटं न उठता बसता आलं तर पोझिशन जमली. न जमल्यास पॅड १० मिमी वर घ्या, सॅडलला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कळत नाही. परतल्यावर लगेच १५ मिनिटं धावा. कंबर वाकलेलीच राहत असेल किंवा मांडीचा पुढचा भाग जड वाटत असेल, तर पॅड अजून खालीच आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे खडी पसरली असेल तिथे, गावातून जाताना आणि मागून ट्रक येत असेल तेव्हा हात हूड्सवर. एअरोबारवर ब्रेक हाताशी नसतो, याला इलाज नाही.

गिअरचंही तसंच. यांत्रिक गिअर असले तर प्रत्येक बदलाला एक हात पॅडवरून उचलावा लागतो. सपाटीवर ते खटकत नाही, चढउताराच्या दिंडोरी रोडवर मात्र वैताग येतो आणि एअरोचा बराच वेळ तिथेच जातो. इलेक्ट्रॉनिक गिअर असले तर एक्स्टेन्शनच्या टोकाला बटणं जोडता येतात. काहींना ती चैन वाटेल, मला तो खर्च सार्थकी वाटतो. दोन हातांच्या मध्ये आडवी बाटली बांधली की पाण्यासाठीही उठावं लागत नाही. सॅडलमागे लावलेली बाटली खड्ड्यात उडून जाते, तिथे स्पेअर ट्यूबच ठेवा.

९० किलोमीटरला ही जोडणी पाचपैकी चार गुणांची. १८० किलोमीटर, म्हणजे पूर्ण आयर्नमन, हे लक्ष्य असेल आणि पुढची दोन-तीन वर्षं हेच करायचं असेल, तर ट्राय बाइकसाठी पैसे साठवायला लागा. पाच-सहा तासांत रोड फ्रेमच्या या तडजोडी मानेला आणि कंबरेला जाणवू लागतात. बजेट कमी असेल तर आधी सॅडल, मग सीटपोस्ट, बार शेवटी.

गोव्याला बाइक खोक्यात घालून नेणार असाल तर सुटी करण्यापूर्वी सीटपोस्टवर, सॅडलच्या रुळांवर आणि एक्स्टेन्शनवर इलेक्ट्रिकलच्या टेपची पट्टी चिकटवून ठेवा. मापं फोनमध्येही लिहा. स्पेसरमधून जाणारे लांब स्क्रू जादा दोन न्या. ते हरवले तर साध्या दुकानात त्या लांबीचे मिळत नाहीत.