हातोडीने चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर: घरी इंजिनाचे कव्हर उघडणाऱ्यांसाठी एक परीक्षण

माझ्याकडे १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. यंदाच्या पावसाळ्यात तिच्या उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या खालच्या कडेतून गिअर ऑइल झिरपू लागले आणि पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग दिसू लागला. दुखणे पॅकिंगचे, म्हणजे कव्हर आणि इंजिन यांच्या सांध्यात तेल अडवणाऱ्या पातळ थराचे होते, आणि पॅकिंग बदलणे हे घरी जमण्यासारखे काम आहे. अडचण होती ती कव्हरच्या स्क्रूंची. त्यासाठी नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या एका अवजारांच्या दुकानातून मी ६५० रुपयांना हा ड्रायव्हर घेतला. अशी अवजारे एकाच साच्यातून निघून वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, म्हणून इथे डबीवरच्या नावापेक्षा अवजाराविषयीच लिहितो.

या गाडीची इंजिन कव्हरे फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली असतात. ती खाच दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखी असली, तरी ती जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस असते. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर चढते आणि चढताना खाचेच्या कडा सोलून नेते. त्यातच पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत वर्षानुवर्षे ओल खात बसलेला असतो, या दोन धातूंमध्ये ओलाव्यामुळे क्षरण होते आणि आट्यांत साचलेली पांढरी भुकटी स्क्रूला जागीच जखडून ठेवते. मागे एका गॅरेजमध्ये साध्या स्क्रू ड्रायव्हरने माझ्या गाडीच्या दोन स्क्रूंच्या खाचा पार गोल केल्या गेल्या, आणि ते छिन्नीने ठोकून काढताना कव्हरच्या कडेवर उठलेले व्रण आजही बोटाला लागतात. तेव्हापासून इंजिनाला हात लावायचा तर आपणच, हे मी ठरवून टाकले.

इम्पॅक्ट ड्रायव्हर नेमका याच दुखण्यावरचा इलाज आहे. त्याच्या जाड दंडगोलाच्या आत तिरकी खाच असते. मागून हातोडीचा घाव बसला की तो घाव बिटला, म्हणजे अवजाराच्या पुढच्या बदलत्या टोकाला, स्क्रूच्या खाचेत दाबून धरतो आणि त्याच क्षणी थोडासा फिरवतोही. बिट वर चढायला वावच राहत नाही. मात्र वापरण्याची एक रीत आहे. अवजाराची दिशा सोडवण्याकडे लावावी, बिट खाचेत पक्के बसवावे, दंड, म्हणजे हातात धरलेला दंडगोल, डाव्या बाजूला हाताने पिळून त्यातली ढिलाई काढून घ्यावी आणि तो पीळ तसाच धरून घाव घालावा. अर्ध्या किलोची हातोडी नुसती उसळत होती. एक किलोच्या हातोडीचे दोन सरळ, नेमके घाव पुरले. आदल्या रात्री प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. पहिला स्क्रू सुटला तेव्हा ‘टच्च’ असा बारीक आवाज आला आणि डोक्याखालून पांढऱ्या भुकटीचे कडे सुटून खाली पडले. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हाच्या आनंदाहून कमी नव्हता.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या बिटांबद्दल. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला तीन नंबरचे बिट लागते. डबीतले तीन नंबरचे बिट पाचव्या स्क्रूवरच टोकाला चेपले, कारण पोलाद मऊ होते आणि घडण जेआयएसची नव्हती. मी तिथेच थांबलो, जेआयएसचे बिट वेगळे मागवले आणि उरलेले स्क्रू त्यानेच काढले; एकाही खाचेला ओरखडा आला नाही. म्हणून अवजाराच्या आधी बिट चांगले घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दंड आणि आतली यंत्रणा मात्र दणकट आहे.

पुढचे काम या अवजाराचे नाही, आणि हे आग्रहाने सांगायला हवे. स्क्रू कमी-अधिक लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागच्या छिद्रात खोचून ठेवावा. लांब स्क्रू चुकून आखूड भोकात गेला तर तळाला टेकून आटे फाडतो. जुने पॅकिंग रॉकेलने भिजवून लाकडी पट्टीने खरवडावे. पोलादी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर पडलेली रेघ पुढे तेलाची वाट होते. कव्हर पुन्हा बसवताना डॉवेल पिना, म्हणजे कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या खुंट्या, जागेवर आहेत हे पाहावे, सगळे स्क्रू आधी हातानेच दोन-तीन आटे चढवावेत आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन मीटर इतका आवळण्याचा पीळ पुरतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरने स्क्रू आवळणे म्हणजे आटे घालवणे. मी तर दिशा बदलण्याची खूणच चिकटपट्टीने झाकून टाकली आहे.

किक काढायला आणि इतर बोल्टसाठी मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या टपारियाचे पाने वापरतो. ते वर्षानुवर्षे टिकले आहेत आणि नाशिककर म्हणून मला त्याचा अभिमानही वाटतो.

त्र्यंबकेश्वरच्या दोन फेऱ्या भर पावसात झाल्या. कव्हरखाली अंथरलेला पुठ्ठा अजून कोरडा आहे.

विक्रेत्याने एका गोष्टीचा विचार करावा. डबीत वापराची साधी चिठ्ठीही नाही. दंड पिळून धरायचा असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो चार घाव घालून अवजार निकामी समजेल, आणि तोवर त्याच्या स्क्रूची खाच गेलेली असेल.