वसूस, आठ महिन्यांनंतर: डी ड्राइव्हमधले श्रीखंडाचे डबे

डब्ल्यूएसयूएस म्हणजे मायक्रोसॉफ्टची अपडेट्स एकाच सर्व्हरवर उतरवून ऑफिसातल्या सगळ्या विंडोज मशीनना वाटणारी सोय. आमच्याकडे त्याला ‘वसूस’ म्हणतात, मालक ‘वसूल’ म्हणतात. भोसरीतला सुट्या भागांचा कारखाना, ६ सर्व्हर, ७४ पीसी आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटा. एप्रिल २०२५ मध्ये बसवलं. कारण एकच, विंडोज सर्व्हरचे पैसे आधीच भरलेले होते आणि हा रोल, म्हणजे सर्व्हरचं हे जादा काम, त्यातच मिळतो. दर मशीनमागे महिन्याला भाडं घेणारे पर्याय मी मालकांना दाखवलेसुद्धा नाहीत.

जूनमध्ये जागा संपली. ५०० जीबीच्या डी ड्राइव्हवर ३ जीबी शिल्लक, एकटं वसूस-कंटेंट फोल्डर ४३० जीबी. घोळ माझाच. बसवताना ‘ड्रायव्हर्स’वर टिक केलेली, भाषा सगळ्या ठेवलेल्या (जपानीसकट, आणि आमच्याकडे मराठी विंडोजसुद्धा कोणी लावत नाही), वर ‘आलं की अप्रूव्ह’ असा ऑटोमॅटिक नियम. एएमसीवाल्यांनी (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्यांनी) मशीनकडे न बघताच नव्या डिस्कचं ३८,००० चं कोटेशन पाठवलं. म्हटलं, आधी केर काढू, मग घर वाढवू.

केर काढायला सर्व्हर क्लीनअप विझार्ड आहे. पाच टिका, एक नेक्स्ट. शनिवारी संध्याकाळी लावून घरी गेलो. सोमवारी सकाळी तो पहिल्याच टिकेवर अडून बसलेला. पहिली टिक काढून उरलेल्या चार चालवल्या, मोकळे झाले ६ जीबी. ४३० मधले ६! दोन आठवडे मी याच बटणावर चिडलेलो होतो, आणि तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

मग कळलं की विझार्ड खोटं बोलत नव्हता. जे अपडेट आपण अप्रूव्ह केलंय ते तो काढत नाही. महिन्याचं क्युम्युलेटिव्ह, म्हणजे आधीचं सगळं पोटात घेणारं, अपडेट आलं की मागच्या महिन्याचं निरुपयोगी होतं, पण त्याच्यावर आपला ‘हो’ असतो, म्हणून फाइल तशीच पडून राहते. आईच्या फडताळातल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखं. ‘टाक’ असं तोंडाने म्हटल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. तर आधी सुपरसीडेड (ज्यांची जागा नव्याने घेतली अशी) अपडेट्स डिक्लाइन करायची, म्हणजे ‘नको’ म्हणायचं, नंतर विझार्ड. हाच क्रम. उलटा केला की ६ जीबी.

एक सावधगिरी. डिक्लाइन करण्याआधी नवीन अपडेट अप्रूव्ह झालंय आणि मशीनवर चढलंय, एवढं बघून घ्या. नाहीतर जुनं गेलं आणि नवं नाही, अशी गत. मी महिनाभर जुनी ती सगळी सुपरसीडेड उडवली, ड्रायव्हर्सची टिक काढून त्यांची अपडेट्सही डिक्लाइन केली, भाषा फक्त इंग्रजी ठेवली.

विझार्ड अडण्याचं कारण वेगळंच, वसूसचा डेटाबेस, सुसडीबी. त्यातल्या दोन टेबलांवर जादा इंडेक्स (माहिती पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) करून रीइंडेक्स स्क्रिप्ट चालवायची, हे अधिकृत मार्गदर्शनातच लिहिलंय, फक्त बसवताना ते कोण वाचतो! इंडेक्स केल्यावर दोन रात्रींत न संपलेलं काम ४० मिनिटांत झालं. सोबत आयआयएसमधल्या (विंडोजच्या वेब सर्व्हरमधल्या) वसूसपूलची, म्हणजे वसूस ज्यात चालतं त्या कप्प्याची, मेमरी मर्यादा १८४३२०० केबी असते, ती ४ जीबी केली. तेव्हापासून कन्सोल उघडल्यावर ‘रीसेट सर्व्हर नोड’ ही जोडणी तुटल्याची पाटी दिसलेली नाही. डी ड्राइव्हवर आज वसूसचे ९६ जीबी आहेत. स्टार चार.

बाकी सर्व्हरांच्या सी ड्राइव्हबद्दल थोडक्यात. विन-एसएक्सएस हा विंडोजचे भाग साठवणारा फोल्डर एक्सप्लोररमध्ये दिसतो तेवढा मोठा नसतो, हार्ड लिंकमुळे (एकच फाइल दोन ठिकाणी दिसल्यामुळे) आकडा फुगतो. हाताने काहीही डिलीट करू नका. डिझम या विंडोजच्याच कमांडला कंपोनंट स्टोअर (हाच फोल्डर) तपासायला सांगा, मग क्लीनअप. क्लीनअपचा रीसेटबेस हा पर्याय मात्र विचार करून, त्यानंतर आधी बसलेली अपडेट्स काढता येत नाहीत. आमच्या टॅलीच्या सर्व्हरवर मी ते वापरलेलं नाही, वापरणारही नाही.

चार स्टारांतला एक दिवाळीत परत गेला. वसूसमध्येच सीव्हीई-२०२५-५९२८७ ही सुरक्षेतली भेग निघाली, धोक्याचा गुण १० पैकी ९.८. लॉगिनशिवाय बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो, अशी. ऑक्टोबरच्या नेहमीच्या पॅचने ती पुरती बुजली नाही, आणि नवा पॅच आला तो २३ तारखेला, भाऊबीजेला. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, ताईकडे मुक्कामाला असताना. सर्व्हर इंटरनेटला उघडा नव्हता, तरी फायरवॉलवर वसूसचे ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट बंद केले, पॅच चढवला, रीबूट केलं. ताईने पोहे दोनदा गरम केले.

शिवाय सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर झालंय की वसूसमध्ये यापुढे नवीन काही येणार नाही. सर्व्हर २०२५ मध्ये ते आहे, चालतंय, एवढंच. मला चालेल. आमचं लेथ मशीनही माझ्या वयाचं आहे.

आता जानेवारी २०२६ चा दुसरा मंगळवार १३ तारखेला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट्स येतील. १४ ला संक्रांत. तेव्हा डिक्लाइन गुरुवारी.