७१० चा शिक्का आणि बाथरूमची मांडणी

बाथरूमसाठी लाकडी मांडणी करून घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: सनमायका चढायच्या आधी प्लायची कापलेली कड स्वतः बघा. एकदा सनमायका चढला की आत काय आहे ते फक्त करणाऱ्याला ठाऊक असतं.

काम तसं किरकोळच होतं. बेसिन आणि वॉशिंग मशीनच्या मधे दोन फुटांची जागा रिकामी होती. तिथे सहा फूट उंच, नऊ इंच खोल, पाच खणांची, बिनदाराची मांडणी हवी होती. टॉवेल, साबणाचे पुडे, कपड्यांच्या पावडरीचा डबा आणि सासूबाईंची तेलं वर उचलून ठेवता आली की झालं. ‘प्लास्टिकची का नाही घेतली?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांच्याकडच्या मधोमध वाकलेल्या फळ्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

कॉन्ट्रॅक्टरचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला. माणूस गोड बोलणारा. मटेरियलसकट १७ हजार सांगितले आणि वर म्हणाला, “ताई, बाथरूमला साधा प्लाय चालतच नाही. फुगतो. आपण सातशेदहाच लावतो.” साध्या प्लायबद्दल यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि म्हणूनच विश्वास बसला. साधा प्लाय म्हणजे एमआर, मॉइश्चर रेझिस्टंट. त्यातला गोंद युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, दमट हवा सोसतो पण पाणी सोसत नाही. आयएस ३०३ या मानकात हा एमआर आणि त्याच्यापेक्षा बरा बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन्ही येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्यात फिनॉलचा गोंद असतो आणि त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी अट आहे. भावात साधारण दुपटीचा फरक पडतो. ज्याला हे सगळं इतकं नीट माहीत आहे, तोच नेमका काय दाबायचं ते जाणतो.

प्लायचा भाव त्यानं १२५ रुपये फूट लावला. आठ बाय चारची एक शीट म्हणजे ३२ चौरस फूट. अशा दोन शीट, म्हणजे आठ हजार. आता हिशेब मांडून बघा. नऊ इंच रुंदीच्या आठ फुटी तीन पट्ट्या काढल्या की काम होतं. दोन पट्ट्यांमधून उभ्या बाजू निघतात आणि उरलेल्या दोन-दोन फुटांत दोन फळ्या. तिसऱ्या पट्टीत चार फळ्या. सहा फळ्या म्हणजे पाच खण. तीन पट्ट्यांना सत्तावीस इंच लागले, शीट अठ्ठेचाळीस इंच रुंद. पाठीला सहा एमएमचा प्लाय पुरतो. दुसरी शीट कुठे गेली हे मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “वेस्टेज असतं ना ताई.” इतकं वेस्टेज कापडाच्या दुकानातसुद्धा कुणी सांगत नाही.

बिल मागितल्यावर तो म्हणाला, “पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल, उगाच १,४४० रुपये जातील.” मग दुकानाची एक चिठ्ठी आणून दिली. वर ‘एस्टिमेट’ असं छापलेलं, खाली पेनानं ‘७१० प्लाय, २ नग’. दुकानाचा जीएसटी नंबर नाही, प्लायची कंपनी नाही. असला कागद म्हणजे बिल नव्हे. तो दाखवून कुणालाच काही विचारता येत नाही, आणि तो असाच दिला जातो तो त्यासाठीच.

शीट संध्याकाळी टेम्पोतून आल्या. वरचा थर छान लालसर, त्यावर ठसठशीत ‘७१०’. या दोन्ही गोष्टींना काडीचीही किंमत नाही. वरचा पापुद्रा रंगवून लाल करता येतो आणि आकडा उमटवायला रबरी शिक्का पुरतो. खऱ्या मालावर आयएसआयचं चिन्ह असतं, त्याच्या वर आयएस ७१० आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मालासाठी, चालू आहे की नाही, सगळं दिसतं. आमच्या शीटवर आकडा होता, परवाना क्रमांक नव्हता.

मांडणी दिसायला सुरेख झाली, हे मान्य करायला हवं. सुताराचा हात चांगला होता. हिंदीभाषक, अबोल माणूस. त्याला दिलेला माल त्यानं लावला. माझा राग त्याच्यावर नाही.

पाऊस सुरू झाला. आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे जुलैत तिथे काही वाळत नाही. आधी सगळ्यात खालची फळी बोटानं वाजवली की भद्द आवाज यायला लागला. मग कडेची पट्टी सुटली आणि आतला प्लाय दिसला: थर एकमेकांपासून सुटून खारी बिस्किटासारखे उभे राहिलेले. मधल्या एका थरात बोट जाईल एवढी फट होती, ती भुसा नि फेविकॉल कालवून लिंपलेली. नखानं टोकरलं तर भुगा हातात आला. स्क्रू गंजून त्याचे तपकिरी ओघळ टाइल्सवर उतरले होते.

फोन केला तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “ताई, पाण्यात कुठलाही प्लाय फुगणारच. तुमच्याकडे लीकेज असेल.” हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, म्हणून त्यावरचा तोडगा सांगते. कामातून उरलेला एक तुकडा सासूबाईंनी तुळशीच्या कुंडीशेजारी सामान ठेवायला नेला होता, गॅलरीच्या कोरड्या कोपऱ्यात. बाथरूम त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तो जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. ७२ तास सोडाच, दुपारच्या चहापर्यंत त्याचे थर चिमट्यानं वेगळे करता येत होते. तो सगळा प्रकार मी मोबाइलवर शूट केला आणि त्याला पाठवला. त्यानंतर लीकेजचा विषय निघाला नाही. “नवीन सनमायका फुकट मारून देतो” एवढंच म्हणाला. म्हणजे पुन्हा झाकायचंच!

नंतर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन चौकशी केली. एका दुकानदारानं न सांगता दोन तुकडे कड वर करून शेजारी शेजारी ठेवले. फिनॉलच्या गोंदाच्या रेघा गडद, तपकिरी-काळपट दिसतात, युरियाच्या फिकट. खऱ्या मालात थर सरळ, सलग असतात, मधे भोकं नाहीत. जाडीही मोजा, अशी त्याची सूचना होती. एकोणीस एमएम म्हणून सोळाचा माल खपवतात. आणि मरीन प्लाय म्हणजे अमरपट्टा नव्हे, असंही तो म्हणाला. दोन्ही अंगांना सनमायका, सगळ्या कडा बंद, खाली फरशीपासून चार बोटं उचललेली आणि स्क्रू स्टेनलेसचे, तरच तो टिकतो.

पैसे मी यूपीआयनं दिले होते आणि ‘७१० लावतो’ हे त्याचं स्वतःचं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. पक्कं बिल नसताना एवढा पुरावा हाती आहे, तो जपून ठेवला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून नाही सुटलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. १७ हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात म्हणणारे आहेत. ‘एवढ्यासाठी कोण भांडणार’ यावरच त्या माणसाचा धंदा चालतो, असं माझं म्हणणं आहे.

त्याचा नंबर अजून सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो. बी विंगमध्ये एका घरी त्याच्याकडेच किचनचं काम चालू आहे. तिथल्या वहिनींना मी आमच्या फळीचे फोटो पाठवले. त्यांनी काम थांबवून पक्कं बिल आणि परवाना क्रमांक मागितला आहे, आणि तो चार दिवस फोन उचलत नाहीये. त्यांच्या ट्रॉल्यांवर अजून सनमायका चढलेला नाही, एवढं बरं आहे.